जावेची गोळी आणि तुझी पाळी

चि. सायली,



तुझ्या जावेने दिलेली गोळ्यांची पट्टी अजून फोडली नसशील तर फोडू नकोस. तिला त्या गोळीने दिवस राहिले याचा मलाही आनंद आहे. पण क्लोमिफीन काय किंवा लेट्रोझोल काय, या गोळ्या एकच काम करतात: अंडाशयातलं बीज वाढवून ते फुटायला मदत करतात. नळ्या बंद असतील, थायरॉइड बिघडलं असेल, नवऱ्याचे शुक्राणू कमी असतील, तर पट्ट्या संपत राहतात आणि वय पुढे जातं.

म्हणून आधी तपासण्या. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी आणि राहुलच्या वीर्याची तपासणी. दवाखान्यात बायका जाडजूड फाइल घेऊन यायच्या आणि तीत नवऱ्याचा एक कागद नसायचा, याचा मला फार संताप यायचा. तुझ्या बाबतीत तसं होता कामा नये.

तुझी पाळी दीड-दोन महिन्यांनी येते, म्हणजे बीज वेळेवर फुटत नसणार. पीसीओडी निघालं तरी हाय खाऊ नकोस. तुझं वजन सत्तरच्या घरात आहे ना? त्यातलं पाच टक्के, म्हणजे साडेतीन किलो उतरलं तरी कित्येकींची पाळी सुधारते. वजन उतरवायला आजपासून सुरुवात कर. फॉलिक अॅसिडही डॉक्टरांना विचारून आत्ताच घ्यायला लाग.

डॉक्टर बहुधा लेट्रोझोल देतील. नेटवर वाचशील की ही स्तनाच्या कर्करोगाची गोळी, आणि घाबरशील. मुळात ती त्यासाठीच आहे, हे खरं. आपल्या सरकारने 2011 मध्ये वंध्यत्वासाठी तिचा वापर बंदही केला होता. 2017 मध्ये ती बंदी उठली. दरम्यान 2014 मध्ये पीसीओडी असलेल्या अमेरिकेतल्या 750 बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी 27.5 टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफीन घेणाऱ्यांपैकी 19.1 टक्के. दोन्ही आकडे नीट बघ. चांगल्या गोळीनेही निम्म्याहून जास्त जणींना त्या अभ्यासात मूल झालं नाही, तेव्हा पहिल्याच महिन्यात पाळी आली म्हणून रडत बसू नकोस.

लेट्रोझोल काही दिवस शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करतं. मग पिट्युटरी ग्रंथी जोर लावते आणि बीजकोश वाढू लागतो. गोळ्या साधारण पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस असतात. गर्भ राहिलेला नाही याची खात्री करूनच त्या सुरू करायच्या. पाळी लांबणाऱ्या मुलींनी तर हे विसरूच नये. पुढे सोनोग्राफीत पडद्यावर हा कोश काळ्या गोलासारखा दिसतो, त्याचं माप घेतात. तो अठरा-वीस मिलिमीटरचा झाला की बीज फुटायची वेळ जवळ आली. एक-दोन दिवसांनी तो गोल दिसेनासा होतो आणि मागे थोडं पाणी दिसतं. हे न बघता महिनोन् महिने गोळ्या गिळणं मला मान्य नाही. किती कोश वाढलेत हेही तिथेच कळतं, कारण जास्त वाढले तर जुळ्या-तिळ्यांचा धोका असतो.

गोळी कुठलीही असो, डोळ्यांसमोर अंधुक दिसलं, पोट फुगून दुखलं किंवा दम लागला, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ.

आणि कधी थांबायचं ते डॉक्टरांशी आधीच ठरव. बीज नीट फुटूनही पाच-सहा पाळ्यांत दिवस राहिले नाहीत, तर तीच गोळी रेटायची नाही, उपचार बदलायचा. सासूबाईंना काय सांगायचं ते राहुलने सांगावं, तू नव्हे.

त्याच्या तपासणीची वेळ या आठवड्यातच घ्या. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे असतात. तो संकोचत असेल तर मला फोन लावून त्याच्या हातात दे, मी बोलते.

तुझी,
मावशी