कालाबारची बी, धोतरा आणि फवारणीचें औषध

फवारणी करितां करितां एखाद्या गड्यास फेंफऱ्यासारखे आंचके येऊं लागले, कीं कोणी कांदा हुंगवितो, कोणी वहाण नाकाशीं धरितो. ह्यांत जो वेळ जातो तो जिवावर बेततो. हे आंचके कां येतात हें समजल्यास तो वेळ वांचेल, म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

नायजेरिया देशांतील कालाबार प्रांतीं एका वेलीस विषारी बी येते. पूर्वीं तेथील एफिक लोक आरोपीस ती पाण्यांतून पाजून दिव्य करवीत. ओकला तो निर्दोष, मेला तो अपराधी. १८५५ सालीं एडिंबरोचे डॉक्टर ख्रिस्टिसन ह्यांनीं ती स्वतः चाखून परिणाम नोंदले. वनस्पतींतील कांहीं तीव्र सत्त्वांस अल्कलॉइड म्हणतात. ह्या बियेंतील फायसोस्टिग्मिन हें अल्कलॉइड १८६४ सालीं वेगळें काढण्यांत आलें, व तें शरीरांतील एका विकरास अडवितें हें १९२६ सालीं ऑटो लोवी व नाव्रातील ह्यांनीं दाखविलें.

हें विकर काय करितें? मेंदूंतील व मज्जातंतूंतील पुष्कळ निरोप ॲसिटिलकोलिन नांवाच्या द्रव्याच्या योगानें पुढें जातात. निरोप पोंचतांच तें द्रव्य फोडून टाकणें हें ह्या विकराचें काम. दारें धरणारा गडी वाफा भरतांच दार बांधतो, तसेंच हें. गडीच जखडला गेला तर वाफा तुंबून फुटतो. त्याप्रमाणें लाळ गळते, घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो आणि मेंदूंत आंचके सुरू होतात.

कार्बामेट वर्गांतील कीटकनाशकें ह्याच अल्कलॉइडाच्या धर्तीवर बनलीं आहेत. प्रोफेनोफॉससारखीं स्फुरदयुक्त औषधें निराळ्या घडणीचीं, परंतु तींही ह्याच विकरास अडवितात. कार्बामेटाची पकड बहुधा कांहीं तासांत सुटते. स्फुरदयुक्त औषधाची पुष्कळ काळ सुटत नाहीं. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करणारे अनेक जण विषबाधेनें दगावले, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच.

आतां आपल्या बांधावरचा धोतरा. त्यांतील ॲट्रोपिन ॲसिटिलकोलिनाचा प्रवेश अनेक ठिकाणीं रोखतें. म्हणून धोतऱ्याच्या विषांत तोंड कोरडें पडतें, बाहुल्या विस्फारतात, माणूस बरळतो. डॉक्टर फवारणीच्या विषबाधेवर हेंच ॲट्रोपिन टोंचतात, आणि आंचक्यांवर निराळें औषध देतात. परंतु ह्यावरून कोणीं धोतऱ्याचें बीं उगाळून पाजूं नये. प्रत्येक बियेंत सत्त्व सारखें नसतें. एका विषावर दुसरें चढेल.

शेतकरी बंधूंनीं एवढेंच करावें: रोग्यास फवाऱ्याच्या जागेपासून दूर न्यावें, स्वतःच्या हातांस औषध लागूं न देतां त्याचे कपडे उतरवून अंग साबणानें धुवावें, कुशीवर निजवावें, तोंडांत कांहीं घालूं नये. १०८ ची गाडी बोलवावी आणि औषधाचा डबा चिठ्ठीसह बरोबर न्यावा. त्या चिठ्ठीवरून डॉक्टरांस उपाय ठरवितां येतो.