रात्रपाळीच्या सिस्टर

आपला माणूस रुग्णालयात दाखल असला की रात्री-अपरात्री आपण ‘सिस्टर, सलाईन संपलं’ अशी हाक मारतो. ती सिस्टर किती तासांपासून उभी आहे, हा विचार सहसा मनात येत नाही. सरकारी रुग्णालयांत साधारणपणे तीन पाळ्या असतात. लहान खासगी रुग्णालयांत मात्र आठ ते आठ अशी बारा तासांची ड्युटी पुष्कळ ठिकाणी असते, आणि रिलीव्हर आली नाही तर ती लांबतेही. या मुली माझ्या दवाखान्यात येतात तेव्हा तक्रारी ठरलेल्या असतात: झोप नाही, पोटऱ्या दुखतात, कंबर धरते, लघवीला जळजळ होते. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आजचा लेख.

प्रथम झोपेविषयी. आपल्या मेंदूत एक घड्याळ असते व ते उजेडावर चालते. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचे संप्रेरक वाढते. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली येते. त्या वेळी डोळे मिटू लागले तर तो आळस नव्हे, तो देहधर्म आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले की सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतका मंदावतो. आपल्याकडे वाहन चालवणाऱ्यास ०.०३ टक्क्यांचीच मर्यादा आहे! म्हणून पहाटे इंजेक्शन भरताना औषधाचे नाव व मात्रा मोठ्याने वाचावी, शक्य तर दुसऱ्या सिस्टरला दाखवावी आणि दिलेला डोस तिथल्या तिथे लिहावा. ‘मागाहून लिहिते’ म्हटले की घोटाळा होतो. ड्युटी संपवून स्कूटीवर पंधरा-वीस किलोमीटर आपल्या गावी जाणाऱ्या मुलींची तर मला खरोखर काळजी वाटते. एस.टी.ने जावे. ते जमत नसेल तर वीस मिनिटे डुलकी घेऊन, तोंड धुऊन, झोपेची गुंगी पुरती उतरल्यावरच गाडीला किक मारावी.

घरी जाताना गॉगल लावावा, म्हणजे सकाळचे ऊन डोळ्यांत जाऊन झोप उडत नाही. घरी गेल्यावर हलके खाऊन लगेच आडवे व्हावे. खिडकीला जाड चादर, डोळ्यांवर ओढणी, कानात कापूस, एवढे पुरते. दिवसा सलग सात तास झोप क्वचितच लागते. सकाळी चार-पाच तास आणि ड्युटीला जाण्यापूर्वी तास-दीड तास अशी तोडून घेतली तरी चालते. चहा मध्यरात्रीपर्यंत घ्यावा. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे सुमारे पाच तासांनंतरही शरीरात असते, त्यामुळे पहाटे चारचा चहा सकाळी नऊची झोप पळवतो.

इथे घरच्या मंडळींना दोन शब्द. सून सकाळी नऊला घरी येते आणि तिच्यापुढे धुण्याची बादली ठेवली जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ‘दिवसभर लोळते’ असे म्हणणाऱ्या सासूबाईंनी एक रात्र वॉर्डात रुग्णाजवळ बसून पाहावे. असो. ती झोपली असताना फोन घेणे, दार उघडणे, मुलांना शाळेतून आणणे ही कामे दुसऱ्याने उचलावीत.

लघवीच्या त्रासाचे कारण साधे आहे. जायला सवड नाही म्हणून पाणी पीत नाहीत आणि लघवी तासन्‌तास दाबून ठेवतात. मग मूत्रमार्गात जंतू वाढतात. एका मुलीला वर्षात तिसऱ्यांदा हा संसर्ग झाला. चौकशी केल्यावर कळले, स्टाफचे स्वच्छतागृह दुसऱ्या मजल्यावर आणि रात्री वॉर्डात ती एकटीच! अशा वेळी प्रतिजैविके किती वेळा लिहायची? रुग्णालय चालवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी रात्री निदान दोघी ठेवाव्यात. सिस्टरांनी पाण्याची बाटली औषधांच्या टेबलाजवळ ठेवून दर तासाला दोन-चार घोट घ्यावेत आणि लघवी मुळीच दाबू नये.

रात्रीचे मुख्य जेवण ड्युटीपूर्वीच करावे. मध्यरात्रीनंतर शरीर साखर नीट हाताळत नाही. वडापाव आणि फरसाण यांऐवजी ताक, फुटाणे, केळे किंवा अर्धी भाकरी-भाजी बरी.

पायांतले रक्त वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. एका जागी उभे राहिले की तो पंप थांबतो, म्हणून टाचा उचलून खाली टेकवण्याचा व्यायाम अधूनमधून करावा. घरी पंधरा मिनिटे पाय उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवावेत. शिरा फुगलेल्या असतील तर डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे घ्यावेत व ते सकाळी, सूज येण्यापूर्वी चढवावेत. पातळ तळाची चप्पल नको. रुग्णाला वर सरकवताना एकटीने ओढू नये; खाली आडवी चादर घालून दोघींनी सरकवावे. नातेवाईक जवळ असतील तर त्यांनीही हात लावावा, मात्र सिस्टर सांगेल तसाच.

एकच पोटरी अचानक सुजली, गरम व दुखरी झाली तर मालिश करू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दाखवावे. त्यात दम लागला किंवा छातीत दुखले तर क्षणभरही थांबू नये. कंबरेसाठी रोज वेदनाशामक गोळी आणि झोपेसाठी वॉर्डातल्या कपाटातली अल्प्राझोलाम, ही सवय मी काहींत पाहिली आहे. पहिलीने जठर आणि मूत्रपिंड बिघडते, दुसरीची चटक लागते. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या वा फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर पाळी बदलताना त्यांच्या वेळा आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.