परक्या स्वराचे घर

गेल्या वर्षी हार्मनीच्या वहीत एका कॉर्डमध्ये मी 'जी फ्लॅट' हा स्वर लिहिला. बाईंनी त्यावर तांबड्या शाईने फुली मारली व शेजारी 'एफ शार्प' असे लिहिले. मी पियानोपाशी जाऊन दोन्ही वाजवून पाहिले. दोहोंसाठी काळी पट्टी एकच, आवाजात तिळमात्र फरक नाही. मग गुण का जावेत? हे तर नुसते शुद्धलेखनाचे सोवळे झाले, असे मी काहीशा तोऱ्यात बोलून गेलो. बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तो स्वर कोठे जाणार आहे ते आधी सांग, मग त्याचे नाव लिही."

या एका वाक्याचा अर्थ कळायला मला अर्धे वर्ष लागले. क्रोमॅटिक हार्मनी या विषयाचे मर्म त्या वाक्यात आहे असे आता वाटते. ज्यांच्या घरी साधी बाजाची पेटी आहे त्यांनाही ते पडताळून पाहता यावे, म्हणून सी हा षड्ज मानून आपल्याच स्वरनामांत ते मांडतो.

घरचे सात, बाहेरचे पाच

पाश्चात्त्यांचे मेजर स्केल म्हणजे आपल्या बिलावल थाटाचे सात शुद्ध स्वर. एका आड एक असे तीन स्वर एकत्र वाजवले की कॉर्ड होते. सा-ग-प ही घरची कॉर्ड, म-ध-सा ही चौथ्या स्वरावरची आणि प-नी-रे ही पाचव्या स्वरावरची. पाचवीत आणखी एक स्वर मिळवून प-नी-रे-म केले की तिला विलक्षण ओढ येते. निषाद वर षड्जाकडे झेपावतो, मध्यम खाली गांधारावर उतरतो आणि आपण घरी पोहोचतो. हार्मनीचे सगळे व्याकरण या ओढीवर उभे आहे.

सप्तकातले उरलेले पाच स्वर या घराबाहेरचे. ते कॉर्डमध्ये आले की हार्मनी क्रोमॅटिक झाली. 'क्रोमा' या ग्रीक शब्दाचा अर्थ रंग. पण नुसता रंग म्हणून हे स्वर येत नाहीत. ते काही काम घेऊन येतात.

उसनी ओढ

पेटीवर आधी रे-म-ध आणि मग प-नी-रे वाजवा. चाल सरळ आहे, पण सौम्य. आता शुद्ध मध्यमाऐवजी तीव्र मध्यम घेऊन रे-तीव्र म-ध वाजवा व पुन्हा प-नी-रे कडे या. या वेळी पंचमावर येताना कोणी हात धरून नेल्यासारखे वाटते. निषाद जसा षड्जाकडे जातो, तसाच तीव्र मध्यम पंचमाकडे गेला. क्षणभर पंचम हाच षड्ज असल्याचा भास झाला. याला दुय्यम डॉमिनंट म्हणतात.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. सा-ग-प मध्ये कोमल निषाद मिळवा व म-ध-सा वाजवा. कोमल निषाद हळूच धैवतावर उतरतो आणि आता मध्यम क्षणापुरता यजमान होतो. चढवलेला स्वर बहुधा वर जातो, उतरवलेला खाली जातो. नियम एवढाच; पण तो पाठ करून भागत नाही, कानाला पटावा लागतो.

माझी चूक

आता त्या तांबड्या फुलीकडे वळू. उदाहरण मायनर स्केलमधले होते, म्हणजे गांधार, धैवत, निषाद कोमल. कॉर्डमध्ये कोमल ध, सा, कोमल ग आणि मध्यम-पंचमाच्या मधली काळी पट्टी असे चार स्वर होते. पाठ्यपुस्तकांत हिला जर्मन सिक्स्थ म्हणतात. तीतून कोमल गांधार काढला की इटालियन, त्याच्या जागी रिषभ घातला की फ्रेंच. देशांची ही नावे परीक्षेपुरती लक्षात ठेवावीत. ऐकण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. कोमल धैवत अर्धा स्वर खाली पंचमावर येतो, तीव्र मध्यम अर्धा स्वर वर पंचमावर जातो. एकच दार दोन बाजूंनी उघडावे तसे हे दोन स्वर पंचमाला मध्ये घेतात.

तो स्वर वर जाणारा होता, म्हणून त्याचे नाव 'चढवलेला मध्यम', अर्थात एफ शार्प. मी लिहिले होते 'उतरवलेला पंचम'. तो खरोखरच उतरवलेला पंचम असता, तर खाली मध्यमावर गेला असता आणि सगळी कॉर्ड कोमल रिषभाला षड्ज मानून त्या घरी जाऊन बसली असती. पेटीवर तसेही करून पाहता येते. पट्ट्या त्याच, पण मुक्काम निराळा. आपल्याकडे पंचम अचल. कोमल पंचम ही कल्पनाच नाही. त्यामुळे हा भेद मला केवळ कागदी वाटला होता. व्हायोलिनवादक मात्र वर जाणारा असा स्वर पुष्कळदा किंचित चढा लावतो. पियानोच्या समान श्रुतींनी झाकलेला फरक तिथे कानावर येतो.

रचनांत काय घडते

१७२२ हे साल या अभ्यासात दोनदा भेटते. त्या वर्षी फ्रान्समध्ये रामोचा हार्मनीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि जर्मनीत बाखने चोवीस मेजर-मायनर स्केलांतील प्रिल्यूड व फ्यूग यांचा पहिला संग्रह सिद्ध केला. एकाने नियमांची मांडणी केली, दुसऱ्याने त्या वाटांवरून प्रत्यक्ष चालून दाखवले.

बेथोव्हेनचा १८०१ मधला 'मूनलाइट' सोनाटा पुष्कळांच्या कानावर असतो. त्याच्या तिसऱ्याच मात्राखंडात कोमल रिषभावरची कॉर्ड येते. तिला नेपल्स शहरावरून निऑपॉलिटन म्हणतात. सगळे शांत चालले असता एकदम सावली पडल्यासारखे होते. पुढच्या खंडात तो कोमल रिषभ षड्जाला ओलांडून खाली शुद्ध निषादावर उतरतो आणि वाट पुन्हा घराकडे वळते. वाग्नरने ही ओढ टोकाला नेली. १८६५ साली म्युनिकला प्रथम सादर झालेल्या 'ट्रिस्टान आणि इझोल्ड' या संगीतिकेत आरंभीची अतृप्त ओढ तो तासन्‌तास लांबवतो व अगदी शेवटी तिला विसावा देतो. घर कोठे आहे हे श्रोत्याला आतून ठाऊक असते, म्हणूनच ही ताटातूट त्याला जाणवते.

आपला कान

येथे आपल्या विवादी स्वराची आठवण होणे साहजिक आहे. केदारात धैवत-पंचमाच्या संगतीने कोमल निषादाचा निसटता स्पर्श होतो, तोही पाहुणाच. परंतु हे साम्य फार ताणू नये. आपला तानपुरा षड्जाला हलू देत नाही. परका स्वर कितीही गोड लागला तरी त्याचे मोजमाप त्या एकाच षड्जावरून होते. हार्मनीत परका स्वर आला की क्षणभर षड्जच जागा बदलू पाहतो. एका संगीतात घर स्थिर असते, दुसऱ्यात घर सोडून पुन्हा घरी येण्याची कथा असते. 'त्यांच्याकडे नुसता कॉर्डचा गोंगाट' किंवा 'आपल्याकडे हार्मनीच नाही' असे एका दमात म्हणणारे या फरकापर्यंत पोहोचलेलेच नसतात.

आणि हे संगीत आपल्याला अगदीच परके म्हणावे तर तेही खरे नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांतून सोल्फा व व्हायोलिन शिकलेले वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. सबॅस्टियन डिसोझांसारख्या संयोजकांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना वाद्यवृंदाचा साज चढवला. गाण्याची चाल आपल्या ओठांवर राहिली; तिच्या खालून चाललेल्या कॉर्डकडे मात्र आपण क्वचितच लक्ष दिले.

अभ्यास कसा करावा

सोप्रानो, आल्टो, टेनर व बास असे चार आवाज लिहून झाले की प्रत्येक आवाज स्वतंत्रपणे गाऊन पाहावा. कागदावर निर्दोष दिसणारा आल्टो गाताना अडखळला, तर बहुधा कोठेतरी परका स्वर वाऱ्यावर सोडलेला असतो. जर्मन सिक्स्थकडून थेट पंचमाच्या कॉर्डवर उडी घेतली, तर कोमल ध-कोमल ग ही जोडी प-रे वर समांतर घसरते. हे समांतर पंचम टाळण्यासाठी मध्ये पंचम बासात ठेवून सा-कोमल ग-प घ्यावी. नियम आधी घोकण्यापेक्षा दोन्ही प्रकार वाजवावेत, मग नियमाचे कारण समजते.

ती जुनी वही मी जपून ठेवली आहे. पट्टी एकच असली तरी तिथून निघणाऱ्या वाटा दोन होत्या, आणि कोणत्या वाटेने जायचे याचा विचारच मी केला नव्हता. आता स्वराचे नाव लिहिण्यापूर्वी मी क्षणभर थांबतो आणि त्याच्या पुढचा स्वर गुणगुणून पाहतो.