कोरियन पुराकथांचे किशोर-कादंबरीतील पुनर्कथन: त्याग आणि त्याची किंमत

कोरियन पुराकथा व लोककथांवर आधारलेल्या इंग्रजी अद्भुतरम्य किशोर-कादंबऱ्यांचा एक प्रवाह अलीकडच्या काळात ठळक झाला आहे. या कादंबऱ्यांत मूळ कथांतील कर्तव्यभावनेच्या जागी पाश्चात्त्य व्यक्तिस्वातंत्र्य आणून बसविले जाते, असा आक्षेप त्यांच्यावर घेता येतो. अॅक्सी ओह या कोरियन-अमेरिकन लेखिकेच्या 'द गर्ल हू फेल बिनीथ द सी' (२०२२) या कादंबरीच्या आधारे या आक्षेपाची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या कादंबरीच्या मुळाशी शिम चोंगची कथा आहे. एक गायक आणि एक ढोलवादक यांनी सादर करावयाच्या 'पानसोरी' या कथागायनप्रकारातील ज्या पाच रचना आज टिकून आहेत, त्यांत या कथेचा समावेश होतो. बुद्धाला तांदळाची ३०० पोती अर्पण केल्यास दृष्टी लाभेल, असे कळताच शिम चोंगचा अंध पिता ऐपत नसतानाही तसा संकल्प करतो. तो पुरा करण्यासाठी मुलगी स्वतःला व्यापाऱ्यांना विकते आणि समुद्र शांत व्हावा म्हणून तिचा बळी दिला जातो. पुढे ती कमळातून परत येते, राणी होते आणि अंधांसाठी योजिलेल्या मेजवानीत पित्याला दृष्टी प्राप्त होते. 'ह्यो', म्हणजे मातापित्यांविषयीची निष्ठा, हे या कथेचे अधिष्ठान होय. मात्र तिला दारिद्र्याची आणि खरेदी-विक्रीचीही बाजू आहे, हे विसरता येत नाही.

ओह यांच्या कादंबरीत समुद्रदेवाला दरवर्षी एक वधू अर्पण करण्याची प्रथा आहे. या वेळी निवड शिम चोंगची झालेली असते; परंतु तिच्यावर प्रेम करणाऱ्या आपल्या भावाचा जीव वाचविण्यासाठी मिना तिच्याऐवजी समुद्रात उडी घेते. म्हणजे नायिकेचा त्याग येथेही कुटुंबासाठीच आहे. बदल झाला आहे तो निर्णयाच्या स्वरूपात: मिनाला कोणी निवडलेले नाही, तिचे मोल कोणी ठरविलेले नाही. आत्मलोकात पोचताच तिचा आवाज हिरावला जातो, हा तपशीलही सूचक आहे; कारण कथा सांगणे हेच तिचे सामर्थ्य आहे आणि कादंबरीची निवेदकही तीच आहे.

कॅट चो यांच्या 'विकेड फॉक्स' (२०१९) या कादंबरीतही असेच घडते. परंपरेत पुष्कळदा पुरुषांना भुलवून घात करणारी म्हणून येणारी 'गुमिहो', म्हणजे नऊ शेपट्यांची कोल्हीण, येथे आजच्या सोलमधील मियंग ही तरुणी होते. आईच्या आज्ञेतील तिचे जीवन आणि तिचा स्वतःचा विवेक यांतील ताण हा या कादंबरीचा गाभा आहे. कर्तव्य येथेही नाहीसे होत नाही. ते प्रश्नांकित होते.

तेव्हा उपरोक्त आक्षेप जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. तथापि या पुनर्कथनात काही गमावलेही आहे. व्यवहाराच्या जागी प्रथा आल्याने ३०० पोत्यांचा हिशेब मागे पडतो आणि गरिबाच्या भक्तीची किंमत कोण चुकवितो, हा मूळ कथेतील बोचरा प्रश्न सौम्य होतो. नायिकेला निर्णयाचा अधिकार मिळतो. परंतु तिला विकावयास लावणारी परिस्थिती दृष्टीआड होते. पुनर्कथनाचा अभ्यास करताना काय बदलले याबरोबरच काय वगळले, हेही म्हणूनच पाहिले पाहिजे.