गॅस भरण्याआधी धूळ काढा

झाशीत लक्ष्मी तालाजवळ, राजे गंगाधररावांच्या छत्रीपासून हाकेच्या अंतरावर आमचं घर आहे. मे महिन्यात इथला पारा 45 अंशांवर जातो आणि दुपारभर धुळीनं भरलेली लू वाहते. घरात म्हातारी माणसं असली की अशा दिवसांत एसी ही चैन उरत नाही. तो ऐन उन्हाळ्यात बिघडला, तर मिस्त्री म्हणेल ते मान्य करण्याकडेच सगळ्यांचा कल असतो.

आमच्याकडे तेच झालं. आधी थंडावा कमी झाला, मग आतल्या युनिटमधून भिंतीवर पाणी ओघळू लागलं. मिस्त्री आला, झाकणही न उघडता ‘गैस खत्म हो गई’ म्हणाला, गॅस भरून पैसे घेऊन गेला. खोली मात्र गार होईना. सासूबाईंनी त्या रात्री तळमळत काढल्या. दुसऱ्या मिस्त्रीनं आधी जाळी काढून पाहिली, मग गच्चीवरचं आउटडोअर युनिट. दोन्हीकडे धुळीचा थर होता. सगळं धुऊन त्यानं दाब मोजला, तर गरजेपेक्षा जास्त भरलेला गॅस काढावा लागला. त्याच संध्याकाळी खोली गार झाली.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार. फसगत होते ती लक्षणं सारखी दिसत असल्यामुळे. जाळी तुंबली की कॉइलवरून हवा पुरेशी जात नाही, कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळला की पाणी गळतं. गॅस कमी असला तरीही बर्फ धरू शकतो. म्हणून आधी सफाई, मग निदान.

जाळीची सफाई घरच्या घरी होते. मेन स्विच बंद करा, जाळी काढून साध्या पाण्यानं धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवूनच बसवा. धुळीच्या दिवसांत हे दर पंधरवड्याला करावं. पाणी जाण्याच्या नळीत शेवाळ आणि गाळ साठतो. नळीचं बाहेरचं टोक मोकळं आहे ना, हेही पाहत जा.

आउटडोअर युनिट आतली उष्णता बाहेर टाकतं. त्याच्या पात्यांत धूळ बसली की कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि बिल वाढतं. वीज बंद करून साध्या नळीच्या हलक्या धारेनं धुवा; जोरदार फवाऱ्यानं पाती वाकतात. युनिटभोवती सामान रचू नका. त्याचं झाकण मात्र स्वतः उघडू नका, कारण वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरलेला असतो. गॅसचं कामही जाणकाराकडूनच करून घ्या. आजच्या बऱ्याच एसींत असलेला आर-32 काही प्रमाणात ज्वलनशील आहे.

रोजच्या वापरातही दोन गोष्टी पाळा. वीज जाऊन आली, तर तीन-चार मिनिटं थांबून एसी सुरू करा. तापमान 18 वर नेऊन ठेवू नका. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबानं एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते. 2020 पासून नव्या एसींत सुरुवातीचं तापमान 24 अंश ठेवण्याचा नियम झाला, तो याचसाठी. जोडीला पंखा लावला तर 26 अंशांतही झोप चांगली लागते.

होळी झाली की, लू सुरू व्हायच्या आत सर्व्हिसिंग उरका. आणि मिस्त्रीनं गॅसचं नाव काढलं, तर आधी जाळी आणि आउटडोअर धुऊन घ्या, दाब समोर मोजायला लावा, सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती दाखवायला सांगा. एवढं झाल्याशिवाय गॅसचे पैसे देऊ नका.