खिलाडूवृत्ती फक्त खेळाडूंचीच का? अमेरिकेतील कॉलेज हॉकीच्या प्रेक्षकांकडून एक धडा



'खिलाडूवृत्ती' हा शब्द आपण शाळेत किती वेळा वापरतो, नाही का? क्रीडा सप्ताहाचं उद्घाटन असो की बक्षीस वितरण, भाषणात तो येतोच. पण तो नेहमी मैदानात उतरलेल्या मुलांसाठी असतो. कबड्डीत एका वेळी सात अधिक सात, म्हणजे चौदा मुलं खेळतात आणि आखणीबाहेर दोनशे मुलं उभी असतात. त्या दोनशे जणांना कसं बघायचं, कसं ओरडायचं, कधी थांबायचं हे कोण शिकवतं?

आजचा पाठ या बाहेरच्या मुलांसाठी आहे. त्यासाठी उदाहरण जरा लांबचं घेऊया : अमेरिकेतील कॉलेजांची आइस हॉकी. तिथे प्रेक्षकांचा गलका ही पिढ्यान् पिढ्या चालत आलेली परंपराच आहे. त्यामुळे प्रेक्षकांचं चांगलं आणि वाईट, दोन्ही वागणं तिथे अगदी ठळक दिसतं.

आधी खेळ समजून घेऊ

आपल्याकडे हॉकी म्हटलं की मेजर ध्यानचंद आणि हिरवं मैदान आठवतं. ही हॉकी मात्र बर्फावर, पायात स्केट्स घालून खेळतात. चेंडूऐवजी रबराची कडक चकती असते, तिला 'पक' म्हणतात. एका संघाचे गोलरक्षकासह सहा जण बर्फावर असतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. नियम मोडला तर खेळाडूला साधारण दोन मिनिटं बाहेरच्या दंड-कक्षात बसावं लागतं आणि तेवढा वेळ त्याचा संघ एका खेळाडूने कमी होतो. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खेळणारे असतात कॉलेजचे विद्यार्थी आणि ओरडणारेही बहुतेक त्याच कॉलेजचे विद्यार्थी. बर्फ आणि गॅलरी यांच्यात फक्त एक पारदर्शक भिंत असते. म्हणजे गॅलरीतला आवाज खेळाडूपर्यंत थेट पोहोचतो.

१. चिडवणं म्हणजे अपमान नव्हे

न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाचं गाव आहे. तिथे कॉर्नेल विद्यापीठाचं लायना रिंक हे मैदान आहे. पाहुण्या संघाच्या खेळाडूंची नावं पुकारली जाऊ लागली की कॉर्नेलचे प्रेक्षक काय करतात? सगळे वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरतात! जणू म्हणतात, 'तुम्ही कोण ते जाणून घेण्यात आम्हाला रस नाही, आम्ही आपले पेपर वाचतो.' शिवी नाही, धमकी नाही. पाहुण्या खेळाडूलाही हसू यावं असा हा प्रकार.

दुसरी प्रथा अनेक कॉलेजांत आहे. आपल्या संघाने गोल केला की सारी गॅलरी समोरच्या गोलरक्षकाकडे बोट दाखवून एका सुरात 'सीव्ह, सीव्ह' ओरडते. सीव्ह म्हणजे चाळण. तुझ्यातून सगळं गळतंय, असा अर्थ! बिचाऱ्या गोलरक्षकाला झोंबत असेलच. पण बघा, हे चिडवणं त्याच्या खेळाबद्दल आहे. त्याचा रंग, जात, धर्म, घर, आईवडील यांच्याबद्दल नाही. पुढच्या वेळी त्याने पक अडवला की चिडवणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद होतात. ज्या चिडवण्याला खेळाडू आपल्या खेळातून उत्तर देऊ शकतो, ते खेळाच्या आत बसतं. हा पहिला धडा.

२. गॅलरीतल्या चुकीची शिक्षा संघाला

आता माशांची गोष्ट. कॉर्नेल आणि हार्वर्ड यांची जुनी चुरस. कॉर्नेलमध्ये शेतीचं शिक्षण मिळतं म्हणून १९७० च्या दशकात हार्वर्डच्या कुणीतरी कॉर्नेलच्या दिशेने मेलेली कोंबडी फेकली, असं सांगतात. हार्वर्ड पडलं समुद्राजवळच्या बोस्टन परिसरातलं. मग कॉर्नेलवाल्यांनी उत्तर म्हणून मासे फेकले. तेव्हापासून हार्वर्डचा संघ इथाकाला आला की बर्फावर मासे पडू लागले.

ऐकायला गंमत वाटते. पण बर्फावर वेगाने सरकणाऱ्या मुलाच्या स्केटखाली मासा आला तर? म्हणून नियम असा की प्रेक्षकांनी वस्तू फेकून खेळ थांबवला तर पंच यजमान संघाला दंड देऊ शकतात. कॉर्नेलला या माशांपायी असा दंड बसलेला आहे. म्हणजे मासा फेकला गॅलरीतल्याने आणि दोन मिनिटं एक खेळाडू कमी घेऊन खेळावं लागलं त्याच्याच लाडक्या संघाला!

उलट, एखाद्या खेळाडूने एका सामन्यात तीन गोल केले की प्रेक्षक कौतुकाने आपल्या टोप्या बर्फावर टाकतात. तिथे पंच सहसा दंड देत नाहीत, कर्मचारी टोप्या गोळा करतात आणि खेळ पुढे सुरू होतो. कारण तेव्हा खेळ थांबलेला असतो आणि टाकण्यामागे शाबासकी असते.

मुलांना इथे जरूर विचारा : 'मी माझ्या संघासाठी ओरडतोय' असं म्हणणारा प्रेक्षक आपल्याच संघाचं नुकसान कसं करतो?

३. रेषा कुठे ओलांडली जाते?

मिशिगन विद्यापीठाच्या योस्ट मैदानावर पाहुण्या संघाचा खेळाडू दंड-कक्षात निघाला की विद्यार्थी त्याला एका सुरात 'निरोप' द्यायचे. पुढे त्या निरोपाच्या शेवटी शिव्या जोडल्या गेल्या आणि त्यांची यादी लांबत गेली. त्याच मैदानात लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबंही बसलेली असतात. विद्यापीठाने आणि संघाच्या प्रशिक्षकांनीही हे थांबवा म्हणून प्रेक्षकांना विनंती केली. पण घोळक्याची सवय लवकर जात नाही. एकटा असताना जो मुलगा असा शब्द तोंडातून काढणार नाही, तोच हजार जणांच्या आवाजात बिनदिक्कत काढतो. 'सगळेच ओरडत होते' हे उत्तर आपण वर्गातही ऐकतो की!

यापेक्षा गंभीर घटना कॉलेजच्या नव्हे, व्यावसायिक हॉकीतली आहे. २२ सप्टेंबर २०११ रोजी कॅनडातील लंडन या शहरात एक सराव सामना चालू होता. वेन सिमंड्स हा कृष्णवर्णीय खेळाडू गोलकडे निघाला असताना प्रेक्षकांतून केळं फेकलं गेलं. केळं फेकून काय सुचवायचं होतं हे सगळ्यांना कळलं. फेकणाऱ्याला पुढे न्यायालयात दंड झाला. सिमंड्सचा खेळ कितीही चांगला असला तरी त्या केळ्याला खेळातून उत्तर देता येत नाही, कारण ते त्याच्या खेळावर फेकलेलंच नव्हतं. ते त्याच्या माणूसपणावर फेकलं होतं. रेषा ओलांडली जाते ती इथे.

४. गप्प राहणं हीसुद्धा दाद असते

२० ऑक्टोबर १९९५. बोस्टन विद्यापीठाचा संघ आदल्या मोसमाचा राष्ट्रीय विजेता. नव्या मोसमाची पहिली रात्र, समोर नॉर्थ डकोटाचा संघ. ट्रॅव्हिस रॉय हा वीस वर्षांचा मुलगा आयुष्यातला पहिला कॉलेज सामना खेळायला बर्फावर उतरला. अवघ्या अकरा सेकंदांत तो तोल जाऊन कडेच्या भिंतीवर डोक्याने आदळला. मानेचा मणका मोडला. मानेखालचं शरीर लुळं पडलं, ते कायमचंच. त्या रात्री गॅलरीत त्याचे वडीलही होते. मुलाचा पहिला सामना बघायला आलेले. ते बर्फावर उतरून मुलाजवळ गेले.

विचार करा. तुम्ही ज्या मुलाला शिव्या घालता, त्याचे वडील कदाचित तुमच्या मागच्याच रांगेत बसलेले असतात. समोरचा खेळाडू हा 'शत्रू' नसतो. तोही कुणाचा तरी मुलगा असतो, पहाटे उठून सराव करून इथवर आलेला.

ट्रॅव्हिस रॉयने पुढे शिक्षण पूर्ण केलं आणि मणक्याला इजा झालेल्यांच्या मदतीसाठी संस्था उभी केली. विद्यापीठाने त्याचा २४ हा क्रमांक त्याच्या सन्मानार्थ निवृत्त केला. २०२० मध्ये त्याचं निधन झालं.

खेळाडू पडला की ओरडणं थांबवायचं. तो उठला, किंवा स्ट्रेचरवरून निघाला, की दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवायच्या. कोणत्या संघाचा ते बघायचं नाही. चांगल्या प्रेक्षकाची खरी ओळख त्याच्या आवाजापेक्षा त्याच्या शांततेवरून पटते.

५. चुरस सामन्यापुरती

बोस्टन परिसरातली चार कॉलेजं फेब्रुवारीत 'बीनपॉट' नावाची स्पर्धा खेळतात. बक्षीस काय, तर घेवडा शिजवायच्या भांड्याच्या आकाराचा चषक! त्यासाठी चारही कॉलेजांचे विद्यार्थी एकाच छताखाली घसा फोडून ओरडतात. ६ फेब्रुवारी १९७८ रोजी सामने चालू असताना बाहेर प्रचंड हिमवादळ झालं. रस्ते बंद पडले. काही प्रेक्षक बोस्टन गार्डन या इमारतीतच अडकले. कुणी खुर्च्यांवर झोपलं, तिथल्या स्टॉलवर मिळेल ते खाल्लं, असे काही दिवस काढले. बाहेर बर्फ साचला की कोण कुठल्या कॉलेजचा हा प्रश्न उरत नाही. सामना संपल्यावर चुरसही संपायला हवी, हे सांगायला मात्र दरवेळी हिमवादळ कशाला लागावं?

वर्गात काय करता येईल?

केंद्रस्तरीय किंवा तालुकास्तरीय स्पर्धेला जाण्याआधी एक तासिका यासाठी ठेवा.

१) फळ्यावर दोन रकाने करा : 'खेळाबद्दल बोललं' आणि 'माणसाबद्दल बोललं'. मुलांनी मैदानाबाहेर ऐकलेली वाक्यं योग्य रकान्यात सांगायची. 'अरे, पकड सुटली!' कुठे जाईल? 'ए काळ्या', 'ए जाड्या' कुठे जाईल? मुलं स्वतःच ठरवतात, आपल्याला सांगावं लागत नाही.

२) गटागटाने आपल्या शाळेच्या दोन घोषणा तयार करा. अट एकच : समोरच्या संघालाही ऐकून हसू आलं पाहिजे.

३) समोरच्या संघाच्या चांगल्या चढाईला किंवा पकडीला निदान एकदा टाळ्या वाजवायच्या, असं वर्गाने मिळून ठरवा.

४) स्पर्धेहून आल्यावर 'आपण जिंकलो का?' याबरोबरच 'आपण कसे बघितलं?' हेही विचारा.

खेळणारी मुलं मोजकीच असतात, पण बघणारे आपण सगळेच असतो, जन्मभर. तेव्हा बघण्याची खिलाडूवृत्तीही शाळेतच शिकवलेली बरी. तुमच्या शाळेतली मुलं प्रतिस्पर्धी संघासाठी टाळ्या वाजवतात का? पुढच्या सामन्याला खेळाकडे जरा कमी आणि आखणीबाहेरच्या चेहऱ्यांकडे जरा जास्त बघा, उत्तर लगेच मिळेल.