बंदी कशावर: कृत्यावर की श्रद्धेवर?

वाचन: प्रेषितांची कृत्ये ५:३४-३९, मत्तय १३:२४-३०



काही आठवड्यांपूर्वी रविवारच्या मिस्साबलिदानानंतर आपल्या धर्मग्रामातील एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला चर्चच्या अंगणात थांबवले. आदल्या दिवशी त्यांच्या घरी ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाच्या दोन स्त्रिया मासिके घेऊन आल्या होत्या. पवित्र त्रैक्याची शिकवण बायबलमध्ये नाही, नाताळ साजरा करू नये, असे त्या त्यांच्या सुनेला समजावत बसल्या होत्या. गृहस्थ चिडले होते. ‘फादर, असल्या पंथांवर सरकार सरळ बंदी का घालत नाही?’ त्यांनी विचारले.

प्रश्न मनापासून विचारलेला होता. आपल्यापैकी अनेकांच्या मनातही तो येत असेल. अंगणात उभ्या उभ्या मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून आजच्या अभ्यासासाठी हाच विषय घेतला आहे. एकाच देशाच्या इतिहासातून तो समजून घेऊ. तो देश म्हणजे जपान. आपल्या वसईच्या मातीचा आणि त्या देशाचा संबंध एका संताच्या रक्ताने जोडलेला आहे.

१. आपला संत आणि सरकारी बंदी

संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले. ते जपानला गेले, तेथील भाषा शिकले, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले आणि १५९३ मध्ये दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. त्यापूर्वीच, १५८७ मध्ये, तेथील सत्ताधीश हिदेयोशी याने मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता. त्याची अंमलबजावणी काही वर्षे ढिली राहिली. १५९६ मध्ये एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले आणि धर्मगुरूंच्या मागून स्पेनचे सैन्य येणार, असा संशय बळावला.

ही भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. शेजारच्या फिलिपिन्स बेटांवर स्पेनने राज्य स्थापन केले होते. पण शिक्षा कोणाला झाली? ६ फ्रान्सिस्कन, ३ येशूसंघी आणि १७ जपानी प्रापंचिक अशा २६ जणांना. क्योटोमध्ये त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला, ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेण्यात आले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांच्यातील लुईस इबाराकी हा मुलगा अवघा १२ वर्षांचा होता. या मुलाने कोणते राज्य उलथवायचा कट केला होता? सरकारच्या दृष्टीने त्याचा गुन्हा एकच, तो ख्रिस्ती होता.

१६१४ मध्ये संपूर्ण देशात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. येशूच्या किंवा मरियामातेच्या प्रतिमेवर पाय देऊन आपण ख्रिस्ती नाही हे लोकांना सिद्ध करावे लागे. प्रत्येक कुटुंबाला बौद्ध मंदिरात नाव नोंदवणे भाग होते. तरीही नागासाकीच्या परिसरातील काही कुटुंबांनी धर्मगुरूंशिवाय, पिढ्यान्‌पिढ्या, लपून श्रद्धा जपली. १८६५ मध्ये त्यांच्यापैकी काही जण ओउरा येथील नव्या चर्चमध्ये फादर पेतिजाँ यांना येऊन भेटले. बंदीचे फलक मात्र १८७३ मध्ये उतरले. सुमारे अडीचशे वर्षांच्या बंदीने चर्च पाडली, माणसे मारली, पण श्रद्धा संपवता आली नाही.

२. त्याच देशातील दुसरी गोष्ट

विसाव्या शतकातही जपानी सरकारने नव्या पंथांवर हात उगारला. १९३५ मध्ये ओमोतो या पंथाच्या केंद्रांवर पोलिसांनी छापे घातले आणि पुढे ती पाडून टाकण्यात आली. म्हणून महायुद्धानंतर, १९४७ मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्याला भक्कम संरक्षण दिले.

या स्वातंत्र्याचा एका पंथाने भयंकर गैरवापर केला. शोको आसाहारा याने १९८० च्या दशकात योगाचे वर्ग सुरू केले. त्यातून ‘ओम शिन्रिक्यो’ हा पंथ उभा राहिला आणि १९८९ मध्ये त्याला अधिकृत धार्मिक संस्थेची मान्यता मिळाली. त्याच वर्षी या पंथाच्या लोकांनी, आपल्याविरुद्ध काम करणाऱ्या एका वकिलाचा, त्याच्या पत्नीचा आणि तान्ह्या बाळाचा खून केला. १९९४ मध्ये मात्सुमोतो शहरात त्यांनी सारिन हा विषारी वायू सोडला. २० मार्च १९९५ च्या सकाळी तोच वायू टोकियोच्या भुयारी रेल्वेत सोडण्यात आला. त्या हल्ल्यात १३ जण मरण पावले आणि हजारो जखमी झाले. २५ वर्षे अंथरुणाला खिळलेली आणखी एक महिला २०२० मध्ये मृत्यू पावली.

पोलिस वेळीच का जागे झाले नाहीत, यावर जपानमध्ये पुष्कळ चर्चा झाली. धर्मात हात घातल्याचा आरोप येईल ही भीती, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. येथे आपल्यासाठी पहिला धडा आहे. धर्माचे नाव घेतले म्हणून गुन्हा पवित्र होत नाही. खून, अत्याचार, डांबून ठेवणे, फसवणूक यांना कोणत्याही देवळाचा, चर्चचा किंवा आश्रमाचा आडोसा मिळता कामा नये. हा नियम आपल्या स्वतःच्या ख्रिस्तसभेलाही तितकाच लागू आहे.

३. एका न्यायालयाचे दोन निकाल

आता १९९६ या वर्षाकडे पाहा. जानेवारी महिन्यात जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने ओम शिन्रिक्योची धार्मिक संस्था म्हणून असलेली मान्यता रद्द करण्याचा हुकूम कायम ठेवला. संस्थेचे कायदेशीर अस्तित्व संपले. पण न्यायालयाने हेही स्पष्ट केले की यामुळे अनुयायांना आपली उपासना करण्यास बंदी होत नाही. पुढे सरकारने अधिक कडक कायदा लावून पंथाचे सगळे कार्यच थांबवण्याची मागणी केली, ती १९९७ मध्ये संबंधित आयोगाने फेटाळली. १९९९ मध्ये देखरेखीचा कायदा आला. गुन्हेगारांवर खटले चालले आणि २०१८ मध्ये आसाहारासह १३ जणांना फाशी झाली. पंथात राहिलेल्या साध्या अनुयायांची रहिवासी म्हणून नोंद करण्यास काही नगरपालिकांनी नकार दिला, तेव्हा २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकार बेकायदा ठरवला.

दुसरा निकाल त्याच १९९६ च्या मार्च महिन्यातला. कोबे येथील एका तंत्रमहाविद्यालयातील विद्यार्थी यहोवाचे साक्षीदार पंथाचा होता. केंडो, म्हणजे बांबूच्या तलवारीने लढण्याचा खेळ, तेथे सक्तीचा होता. श्रद्धेमुळे त्याने तो खेळण्यास नकार दिला आणि त्याऐवजी दुसरे काम देण्याची विनंती केली. महाविद्यालयाने ऐकले नाही. त्याला नापास केले आणि शेवटी काढून टाकले. न्यायालयाने ही कारवाई बेकायदा ठरवली. या तरुणाच्या नकाराने कोणाचेही नुकसान होत नव्हते.

टोकियोच्या घटनेला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. सगळा देश नव्या पंथांकडे संशयाने पाहत होता. तरीही न्यायालयाने विष सोडणारा पंथ आणि तलवार हाती न घेणारा तरुण यांना एका मापाने मोजले नाही.

४. ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यातील शिकवण तीन मुद्द्यांत सांगता येईल.

पहिला, हा हक्क सरकारने दिलेली सवलत नाही. देवाने माणसाला दिलेल्या प्रतिष्ठेतून तो येतो. म्हणून आपल्या मते चुकीचे मानणाऱ्यालाही तो आहे.

दुसरा, हक्काला मर्यादा आहेत. इतरांचे हक्क, सार्वजनिक शांतता आणि नीतिमत्ता यांच्या रक्षणासाठी सरकार हस्तक्षेप करू शकते, पण गरज असेल तेव्हा आणि गरजेपुरताच.

तिसरा, श्रद्धेचा प्रसार करताना बळजबरी किंवा लबाडी चालणार नाही, विशेषतः गरीब व अशिक्षित माणसांच्या बाबतीत.

याच जाहीरनाम्यात ख्रिस्तसभेने कबूल केले आहे की इतिहासात आपल्या लोकांचे वर्तन कधी कधी शुभवर्तमानाला शोभणारे नव्हते. १५६० मध्ये गोव्यात सुरू झालेले आणि १८१२ मध्ये कायमचे बंद झालेले इन्क्विझिशन आपण विसरू नये. श्रद्धेसाठी मार खाणारे आपण होतो, तसेच मारणारेही होतो.

५. आपल्या देशात

भारतीय राज्यघटनेचे २५ वे कलम सर्वांना श्रद्धा बाळगण्याचे, आचरणाचे आणि प्रसाराचे स्वातंत्र्य देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य या त्याच्या मर्यादा आहेत. १९८५ मध्ये केरळमधील तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. तीही यहोवाचे साक्षीदार पंथाची होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालपत्राद्वारे, त्यांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. शांतपणे उभे राहणे हा अपमान होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

१९७७ चा निकालही आपल्याला ठाऊक हवा. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि ओरिसा व मध्य प्रदेशचे धर्मांतरविषयक कायदे वैध मानले. बळजबरी व फसवणूक नको, हे ख्रिस्तसभेलाही मान्य आहे. पण ‘प्रलोभन’ या शब्दाची व्याख्या सैल राहिली, तर आजाऱ्याची शुश्रूषा किंवा गरिबाच्या मुलाची फी भरणेही संशयास्पद ठरू शकते. दुसऱ्यासाठी मागितलेली बंदी आपल्या दारी यायला वेळ लागत नाही.

६. मग दारी आलेल्यांचे काय?

संत पौलावरही एका पंथाचा पुढारी असल्याचा आरोप ठेवला गेला होता (प्रेषितांची कृत्ये २४:५). आपण स्वतः एकेकाळी ‘वादग्रस्त पंथ’ होतो. तेव्हा गमलिएल या शास्त्र्याने न्यायसभेला सबुरीचा सल्ला दिला. प्रभू येशूनेही गव्हातील निदण घाईने उपटू नका, असे दाखल्यातून शिकवले.

त्या गृहस्थांना माझे उत्तर असे आहे: काका, त्या स्त्रियांना नम्रपणे ‘आम्हाला नको’ म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कोणी धमकावले, पैसे उकळले, मुलांना इजा केली, आजाऱ्याला अडवून ठेवले तर जरूर पोलिसांकडे जा, मीही तुमच्याबरोबर येईन. पण त्यांनी फक्त बोलून मासिक पुढे केले असेल, तर त्यावर उपाय सरकारकडे नाही. तो आपल्या घरात आहे. पवित्र त्रैक्याविषयी सुनेने काही विचारले, तर आपल्याला सांगता येईल का? ते येत नसेल, तर आपण दोघे मिळून शिकू.

चिंतनासाठी प्रश्न (कुटुंबात किंवा समूहात चर्चा करावी)

१. एखाद्या पंथाची शिकवण आणि त्याचे कृत्य यांत मी फरक करतो का?
२. दुसऱ्यावर घालावी असे मला वाटणारी बंदी उद्या आपल्या धर्मग्रामावर आली तर?
३. माझ्या श्रद्धेविषयी कोणी विचारले, तर मला शांतपणे उत्तर देता येते का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू कोणावरही बळजबरी केली नाहीस, दारावर उभा राहून थाप मारलीस. संत गोन्सालो गार्सिया यांच्या मध्यस्थीने आम्हाला श्रद्धेत दृढ कर, अन्यायाविरुद्ध धीट कर आणि आमच्याहून वेगळा विचार करणाऱ्यांशी सौम्यपणे वागायला शिकव. आमेन.